पानाच्या आतलं बिऱ्हाड

आमच्या कडोली भागात पावसाच्या तोंडावर बटाट्याची लावण होते. पुढं पाऊस लागून राहिला, चार-चार दिवस आभाळ उघडलं नाही, की शिवारात एकच शब्द ऐकू येतो: करपा. आधी पानाच्या कडेला तपकिरी डाग, मग पानाच्या पोटाला पांढरट लव, आणि बघता बघता हिरवंगार शेत उकळतं पाणी ओतल्यासारखं लुळं पडतं. भांगलणीला गेलेल्या बायका घरी येऊन सांगतात, "पान जळालं बघा." बुरशी म्हणजे नासाडी, ही आपली समजूत अशी शेतातनंच घरात आलेली आहे. घरातही वेगळं काय? पापडाला, लोणच्याला, भाकरीच्या तुकड्याला बुरशी दिसली की ते अभक्ष्य. पिठाची मर्यादा आपण हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीनच दिवस धरतो, कारण दमट हवेत जीवोत्पत्ती लवकर होते.

मला इथं लिहायचं आहे ते दुसऱ्या एका बुरशीबद्दल. ती निरोगी पानाच्या आत राहते, डाग पाडत नाही, पान वाळवत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. त्या बुरशीच्या अंगी जंतूंना आणि इतर बुरश्यांना रोखणारी द्रव्यं असतात, आणि त्यातल्या एका द्रव्यापासून बायकांच्या एका नेहमीच्या दुखण्यावर औषधही तयार झालं आहे. हा शोध कसा लागत गेला, त्यात आपल्या सह्याद्रीतली झाडं कुठं आली आणि त्यांचं काय झालं, हा इतिहास आपण बायकांनी वाचण्यासारखा आहे.

गोष्ट सुरू होते ती करप्यापासूनच. १८४५ पासून पुढची काही वर्षं आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. तिथल्या गरिबांचं पोट बटाट्यावरच चालायचं. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली. तेव्हा बरेच विद्वान म्हणत, की झाड आधी हवेनं सडतं आणि सडलेल्या झाडावर बुरशी आपोआप उगवते. आंतोन द बारी हा जर्मन शास्त्रज्ञ मूळचा डॉक्टर. त्यानं १८६१ च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं, की गोष्ट उलटी आहे. आधी बुरशी येते, तिच्यामुळं झाड सडतं. करप्याच्या त्या जीवाला आज जे शास्त्रीय नाव आहे, फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स, तेही त्यानंच १८७६ मध्ये दिलं. आता तिला खऱ्या बुरश्यांच्या गोतात धरत नाहीत, पण शेतकऱ्याच्या लेखी ती बुरशीच.

याच द बारीनं १८६६ च्या आपल्या ग्रंथात वनस्पतीच्या आत राहणाऱ्या जीवांसाठी 'एंडोफाइट' हा शब्द वापरला. आपण त्याला अंतर्वासी म्हणू. आणि भिन्न जातींच्या जीवांनी एकत्र राहण्याला 'सिम्बायोसिस', म्हणजे सहजीवन, हे नाव रूढ केलं तेही त्यानंच, १८७९ च्या सुमारास. पानाचा शत्रू ज्यानं ओळखला, त्यालाच पानात गुण्यागोविंदानं राहणारेही दिसले.

ही अंतर्वासी बुरशी म्हणजे नक्की काय? हवेत आणि पावसाच्या थेंबांत बुरशीचे सूक्ष्म बीजाणू सतत असतात. ते पानावर पडतात, रुजतात, आणि त्यांचा केसाहूनही बारीक तंतू पानाच्या पेशींच्या मधल्या फटींत शिरतो. रोगाची बुरशी तिथून पेशी खात सुटते. अंतर्वासी बुरशी तसं करत नाही. थोडं अन्न घेते आणि दबून राहते. एकाच झाडाच्या पानांत अशा कितीतरी जातींची बिऱ्हाडं असतात. भाडं म्हणून ती काय देतात, हे पनामा देशातल्या कोकोच्या झाडांवर दिसलं. एलिझाबेथ अर्नोल्ड ही अमेरिकन संशोधिका आणि तिचे सहकारी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोकोच्या काही पानांत अंतर्वासी बुरश्या वसवल्या, काही पानं रिकामी ठेवली, आणि दोन्हींवर फायटोफ्थोराची लागण केली. आपल्या बटाट्यावर येतो त्याच कुळातला तो रोग. बिऱ्हाडकरू असलेल्या पानांचं नुकसान कमी झालं. घर राखायला माणूस असलं की चोर बिचकतो, तसंच हे.

बुरशी ही लढाई रसायनांनी लढते. ते रसायन माणसाच्या कामी येऊ शकतं, हे जगाला कळलं ते १९२८ साली लंडनमध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या ताटलीतल्या पेनिसिलियम बुरशीमुळं. पेनिसिलिन आपल्याकडं बनू लागलं ते पुण्याजवळ पिंपरीत. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं तिथं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत म्हैसूरकडून आलेले शास्त्रज्ञ मां. जी. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशी मारणारं औषध काढलं. सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाचं नाव कारखान्याच्या नावावरून हॅमायसिन. एका मराठी गावाचं नाव असं सूक्ष्मजीवाच्या नावात जाऊन बसलं. त्या काळात जगभरच्या औषध कंपन्या मातीच्या पुड्या गोळा करत होत्या. औषध मातीत शोधायचं, हाच रिवाज होता. पानाच्या आत कुणी पाहत नव्हतं.

झाडात औषध शोधणारे वेगळे होते, आणि त्यांचा शोध झाडांना महाग पडला. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल तपासणीसाठी आणली गेली. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी तिच्यातून टॅक्सॉल वेगळं केलं आणि १९७१ साली त्याची रचना मांडली. वाणी नंदुरबारला जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९९२ च्या डिसेंबरात टॅक्सॉलला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तिकडं मंजुरी मिळाली, १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी. आज आपल्या ओळखीपाळखीत, नात्यात, हे औषध घेतलेली बाई नाही असं घर क्वचित सापडेल. पण सुरुवातीला ते फक्त सालीतूनच मिळायचं. साल सोलली की झाड मरतं, आणि एका बाईच्या उपचाराला एका झाडाची साल पुरत नसे. झाड वाचवायचं की बाई, असा वाद तिकडं खरोखरच पेटला होता.

तशीच गोष्ट आपल्या उशाशी घडली, तिच्यावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. आंबोली, चंदगड, आजरा, खानापूर या पट्ट्यातल्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. नावातच त्याच्या वासाची तक्रार आहे, जुन्या शास्त्रीय नावातही 'फीटिडा' म्हणजे दुर्गंधी असंच होतं. आताचं नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. यातला निम्मो कोण, तर १८३९ साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची सूची करणारा जॉन ग्रॅहम पुस्तक अर्धं छापून झालेलं असताना खंडाळ्याला वारला, तेव्हा उरलेलं पुस्तक ज्यानं पुरं केलं तो. ग्रॅहमनं या मित्राचं नाव झाडाला दिलं होतं.

वॉल आणि वाणी यांनीच १९६६ साली चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं कॅन्सररोधक द्रव्य काढलं होतं. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिलं, की तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर आहे. पुढं त्यापासून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं झाली, अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कॅन्सरवर ती वापरतात. मागणी वाढली तशी नरक्याची चोरटी तोड वाढली. आधी कुणी हात न लावणारं झाड रातोरात ट्रकात जाऊ लागलं. खोड जाई, फांद्या जात, पुष्कळदा मुळंसुद्धा खणून नेत, कारण मुळातही द्रव्य असतं. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या वर्तमानपत्रांत नरक्याची तस्करी ही वर्षानुवर्षांची बातमी झाली. तोडणाऱ्याच्या हातात चार पैसे पडले, आणि झाड दुर्मीळ झाडांच्या यादीत गेलं.

या पार्श्वभूमीवर १९९३ ची बातमी आली. अमेरिकेतल्या मोंटानात काम करणाऱ्या आंद्रेआ स्टिअर्ल, गॅरी स्ट्रोबेल आणि डोनाल्ड स्टिअर्ल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं, की यू झाडाच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी स्वतंत्रपणे टॅक्सॉल तयार करते. आंद्रेआच्या नावावरून बुरशीचं नाव ठेवलं टॅक्सोमायसिस आंद्रेआने. कल्पना करा: झाड तोडायलाच नको, सालीचा कण घ्यायचा, बुरशी वेगळी करायची आणि दारूच्या पिंपात वाढवतात तशी टाकीत वाढवायची. जगभरच्या प्रयोगशाळा एकदम पानांकडं आणि सालींकडं वळल्या.

पानातली बुरशी बाहेर काढायची रीत सोपी आहे, स्वयंपाकघराला शोभेल अशी. निरोगी पान वाहत्या पाण्यात धुवायचं. मग सत्तर टक्के अल्कोहोलात आणि क्लोरीनच्या द्रावणात थोडा वेळ बुडवायचं, म्हणजे वरवर चिकटलेलं सगळं मरतं. निर्जंतुक पाण्यानं धुऊन त्याचे बारीक तुकडे करायचे आणि ते आगरच्या ताटलीत मांडायचे. काही दिवसांत तुकड्याच्या कापलेल्या कडेतून पांढरे, करडे, हिरवट धागे बाहेर येतात. बाहेरचं सगळं मारलेलं असल्यानं हे आतलेच, हे नक्की. मग एकेक बुरशी वेगळी वाढवतात, तिच्या रसाचा थेंब कागदाच्या टिकलीवर घेतात आणि ती टिकली जंतू पसरलेल्या ताटलीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू उगवले नसतील तर स्वच्छ गोल कडं दिसतं. ते कडं मिलिमीटरमध्ये मोजायचं. जंतुरोधक गुण मोजण्याची पहिली पायरी ती हीच.

यातलं आगर म्हणजे आपलं चायना ग्रास. समुद्रशेवाळापासून होतं, म्हणून जिलेटिन न चालणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात त्याचाच गोड पदार्थ होतो. जंतू वाढवायला आधी प्रयोगशाळांतही हाडांचं जिलेटिन वापरत, पण ते उबेनं वितळायचं आणि काही जंतू तेच खाऊन टाकायचे. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉखच्या हाताखाली काम करणाऱ्या वाल्टर हेसेची बायको फॅनी हिनं सुचवलं, की मी घरी फळांची जेली आगरनं घट्ट करते, ते वापरून बघा. तेव्हापासून आजपर्यंत जगातल्या प्रत्येक जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आगर आहे. कॉखनं आगरचा उल्लेख केला, फॅनीचा केला नाही. पानातल्या बुरशीचा सगळा इतिहास त्या एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातल्या पदार्थावर उभा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता परत नरक्याकडं. २००५ साली जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यासह जाहीर केलं, की भारताच्या पश्चिम किनारपट्टीतल्या नरक्याच्या आतल्या सालीत कॅम्प्टोथेसिन बनवणारी बुरशी सापडली. एन्ट्रोफोस्पोरा इन्फ्रिक्वेन्स हे तिचं नाव. सह्याद्रीतलं झाड आता वाचणार, असं वाटण्यासारखीच ही बातमी होती.

पण पुढं जे झालं ते विरजणासारखं. एका घरचं फर्मास विरजण दुसऱ्या घरी नेलं, तिथून तिसऱ्या घरी, की हळूहळू दही पाणचट होत जातं. प्रयोगशाळेत बुरशी एका ताटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नेत गेलं, की तिच्यातलं द्रव्य कमी कमी होत जातं आणि काही पिढ्यांत नाहीसंच होतं, असा अनुभव ठिकठिकाणी आला. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये स्पष्ट प्रश्न विचारला, की या बुरश्यांवर भरवसा ठेवावा तरी किती. चिनी झाडातल्या तशाच एका बुरशीचा अभ्यास केल्यावर त्याचं एक कारणही दिसलं. द्रव्य बनवण्याच्या साखळीतली एक कडी बुरशीपाशी नव्हतीच, ती कडी झाड पुरवत होतं. आणि टॅक्सॉलची ती पहिली बुरशी? २०१३ साली जर्मन संशोधकांनी तिची पुन्हा कसून तपासणी केली, तर स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवण्याची सोय तिच्यात त्यांना आढळली नाही. झाडाची आणि बुरशीची भागीदारी होती, बुरशी एकटी दुकान चालवू शकत नव्हती.

टॅक्सॉलचा प्रश्न सुटला तो वेगळ्या वाटेनं, पण पानाच्याच. फ्रान्समध्ये प्येर पोत्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपातल्या यू झाडाच्या सुईसारख्या पानांत टॅक्सॉलचा कच्चा माल मिळाला. पानं खुडली तर परत फुटतात. उरलेलं काम रसायनशास्त्रानं केलं. आता टॅक्सॉलसाठी झाड सोलावं लागत नाही, पानांपासून किंवा टाकीत वाढवलेल्या झाडाच्या पेशींपासून ते बनतं.

जंतुरोधक द्रव्यांच्या बाबतीत मात्र बुरशी झाडाची उसनवार करत नाही. इतर बुरश्यांना आणि जंतूंना हाकलणं हा तिचा स्वतःचा धंदा आहे. त्यामुळं इथं हाती पुष्कळ लागलं, आणि तेही आपल्या ओळखीच्या झाडांत. कडुनिंबाच्या पानांतल्या बुरश्यांवर चेन्नईच्या अभ्यासकांनी २००० साली लिहिलं, त्याच्या आतल्या सालीतल्या बुरश्यांवर म्हैसूरच्या अभ्यासकांनी २००५ साली. बनारस हिंदू विद्यापीठात आर. एन. खरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाराणसीतल्या कडुनिंबाची साल, काडी आणि पानं तपासली, तर २३३ नमुने आणि १८ प्रकार मिळाले. पुढं २००९ साली त्यांनीच कडुनिंबाच्या मुळातल्या बुरशीपासून जावानिसिन हे जंतुरोधक द्रव्य मिळाल्याचं जाहीर केलं. माणसाला आणि पिकांना छळणाऱ्या स्यूडोमोनास जातीच्या जंतूंवर ते विशेष चाललं. केरळात वायनाडच्या जंगलातल्या बेलाच्या झाडात एक बुरशी मिळाली, ती वायू सोडून शेजारचे जंतू मारते. मस्कोडोर काशायम हे तिचं नाव, २०१३ सालचं. तिची थोरली बहीण मस्कोडोर आल्बस होंडुरास देशातल्या दालचिनीच्या फांदीत आधीच सापडली होती. बकुळीच्या पानांतल्या एका बुरशीतून मुंबईच्या गोरेगावातल्या संशोधकांनी २००९ साली दाह कमी करणारं द्रव्य काढलं. ज्या बकुळीला आपण नमिनाथ तीर्थंकरांचा वृक्ष म्हणून मान देतो, तीच ही.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी. ताटलीतलं कडं म्हणजे औषध नव्हे. जावानिसिनची गोळी दुकानात मिळत नाही. जे जंतूला मारतं ते माणसालाही बाधू शकतं, हे तपासण्यातच पंधरा-वीस वर्षं जातात आणि शेकड्यांनी द्रव्यं गळतात. कुणी हे वाचून कडुनिंबाचा पाला वाटून जखमेवर बांधायला लागू नये.

पण एक द्रव्य ती सगळी वाट चालून गेलं. स्पेनमध्ये ज्युनिपर नावाचं सुरूसारखं झुडूप असतं. त्याच्या जिवंत पानांत राहणाऱ्या हॉर्मोनेमा बुरशीतून एन्फुमाफन्जिन नावाचं बुरशीरोधक द्रव्य मिळालं, २००० साली ते प्रसिद्ध झालं. त्याच्यात रासायनिक फेरफार करून तोंडानं घेण्याजोगं औषध बनवलं, इब्रेक्साफन्जर्प. जून २०२१ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली ती कॅन्डिडा बुरशीमुळं होणाऱ्या योनिमार्गाच्या संसर्गासाठी.

खाज, आग, दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जाणं. हे दुखणं कितीतरी बायकांना आयुष्यात कधी ना कधी होतं, साखरेच्या आजारात आणि गरोदरपणात जास्त. आपल्याकडं ते सांगायची लाज. दोन-दोन वर्षं अंगावर काढतात, शेजारणीच्या गोळ्या आणून खातात, पण डॉक्टरीणबाईंपुढं तोंड उघडत नाहीत. पिंपरीचं हॅमायसिनही एके काळी याच दुखण्यावर वरून लावायला वापरत. नेहमीच्या गोळ्या कॅन्डिडाची वाढ थांबवतात, हे नवं औषध तिच्या पेशीची भिंतच बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला तशी भिंत नसते, म्हणून ते आपल्याला सोसतं. गरोदर बाईला मात्र ते चालत नाही. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरश्या वाढत आहेत, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली पहिल्यांदाच धोकादायक बुरश्यांची यादी काढली आणि कॅन्डिडाला सगळ्यात वरच्या गटात घातलं. पानातल्या जागेसाठी एका बुरशीनं दुसरीवर उगारलेलं हत्यार असं बाईच्या कामी आलं.

जंतू मारणारं औषध जैन बाईनं घ्यावं का, असं एखादी सोवळी आज्जी विचारते. गृहस्थाला आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा पूर्ण टळत नाही, टाळायची ती संकल्पी हिंसा, हे आपण प्रवचनात ऐकतोच. आणि आहार, औषध, शास्त्र, अभय या चार दानांत औषधदान आहेच. पण सर्दी झाली की दुकानातनं अँटिबायोटिक आणून दोन दिवस खायचं आणि सोडायचं, ही विनाकारण हिंसाही आहे आणि मूर्खपणाही. उरलेले जंतू त्यातनं घट्ट होतात.

दुसरा प्रश्न तरुण मुली विचारतात, आणि तो जास्त अवघड आहे. पानात अनंत जीव राहतात हे आपल्या शास्त्रात आधीच सांगितलंय ना? सांगितलंय ते असं. श्रवणबेळगोळच्या चामुंडरायांचे गुरू आचार्य नेमिचंद्र यांनी दहाव्या शतकात प्राकृतात गोम्मटसार रचला. त्यावर केशववर्णींनी १३५९ साली कन्नडमध्ये टीका लिहिली. निपाणीजवळच्या सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये यांचं नाव त्या ग्रंथाच्या आधुनिक आवृत्तीवर आहे, म्हणजे हा ग्रंथ आपल्या मातीतला म्हणायला हरकत नाही. त्यात वनस्पतीचे साधारण आणि प्रत्येक असे भेद आहेत, आणि ज्या प्रत्येक वनस्पतीच्या आश्रयानं निगोद जीव राहतात ती सप्रतिष्ठित. ओळखायची खूणही दिली आहे: जिच्या शिरा आणि पेरं दिसत नाहीत, जी मोडली तर सरळ तुटते, कापली तरी परत फुटते. कोवळं पान म्हणून सप्रतिष्ठित, जून झालं की अप्रतिष्ठित. रताळी-बटाटे पिकवणाऱ्या आमच्या भागातल्या घरांतसुद्धा चातुर्मासात कंदमूळ आणि पालेभाजी बंद होते ती याच विचारानं.

आता विज्ञान काय म्हणतं? नवं फुटलेलं पान बुरशीच्या बाबतीत जवळजवळ रिकामं असतं. ते जून होत जातं तसतशी वाऱ्या-पावसातून बिऱ्हाडं वाढत जातात. म्हणजे हिशेब नेमका उलटा. निगोद म्हणजे अनंत जीवांचं एकच शरीर, एकच श्वास, एकच आहार. पानातली बुरशी तशी नाही, तिला तिचं वेगळं अंग आहे. तेव्हा निगोद म्हणजे बुरशी, असं म्हणून टाळ्या घेऊ नयेत. त्यानं शास्त्राचाही मान राहत नाही आणि विज्ञानाचाही. आचार्यांनी मोक्षमार्गासाठी जीवांचे भेद सांगितले, द बारीनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. दोघांत समान एवढंच, की पानाला नुसता पाला न मानता कुणाचं तरी घर मानलं.

आपल्या परंपरेकडं या विषयावर सांगण्यासारखं खरं आहे ते दुसरीकडं, लेश्यावृक्षाच्या चित्रात. कितीतरी बस्त्यांच्या भिंतीवर ते असतं. भुकेले सहा जण फळांनी लगडलेल्या झाडापाशी येतात. कृष्ण लेश्येचा म्हणतो, झाड मुळासकट उपटू. नील लेश्येचा म्हणतो, खोड तोडू. कापोत मोठ्या फांद्या मागतो, पीत लहान फांद्या, पद्म फक्त फळं तोडतो. शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडलेली उचलू. भूक सगळ्यांची सारखीच.

औषधाची भूक सारखीच असताना माणसं या झाडापाशी कशी वागली, ते वर आलंच आहे. नरक्या मुळासकट खणणारे पहिल्या पायरीवर राहिले, यूची साल सोलणारे त्याच्या जवळपास. पानं खुडून औषध करणारे पुष्कळ वर चढले, आणि एका पानाच्या तुकड्यातून बुरशी घेणारे त्याहूनही वर. गोवा विद्यापीठात डॉ. डी. जे. भट यांनी पश्चिम घाटातल्या जंगलात खाली पडलेल्या पाल्यापाचोळ्यातल्या बुरश्यांचा अभ्यास आयुष्यभर केला, कितीतरी नव्या जातींची नोंद केली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आता बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथं त्या जिवंत ठेवल्या जातात.

पण संग्रहातली बुरशी झाडावाचून आपली विद्या विसरते, हे आपण पाहिलं. पडलेली पानं उचलायची तरी ती पाडायला झाड उभं असावं लागतं. आमच्या कडोलीहून पश्चिमेला पाहिलं की पावसाळ्यात डोंगरांची निळी रेघ दिसते. तिकडं आणखी कुठल्या झाडाच्या कुठल्या पानात कोण राहतं, हे अजून कुणी मोजलेलं नाही. आपल्या लेकीसुनांना उद्या लागणारं औषध तिथं असेलही. जंगलातलं लाकूड स्वस्तात घरात येतं, तेव्हा ते कुठून आलं एवढं तरी आपण बायकांनी विचारावं.